ब्लू-रे, डीव्हीडी आणि सासूबाईंचं फडकं

डीव्हीडी मेली, असं मी आमच्या इमारतीच्या जिन्यात जाहीर केलं तेव्हा ती मरायला थोडा अवकाश होता, हे मला आता मान्य आहे. पण भविष्याबद्दल बोलायचं तर माणसाने ठाम बोलावं. 'बहुतेक' आणि 'कदाचित' वापरायचं असेल तर गप्प बसलेलं काय वाईट?

"बघाच तुम्ही," मी म्हणालो, "घरोघरी ब्लू-रे येणार. डीव्हीडी बघायला संग्रहालयात जावं लागेल."

हे मी ज्यांना ऐकवलं ते आमच्या समोरच्या दारातले गृहस्थ. सगळी इमारत त्यांना टक्केवारी म्हणते, अर्थात त्यांच्या पाठीमागे. जगातली कुठलीही गोष्ट शेकडा किती लोकांकडे आहे हे त्यांना पाठ असतं. आकडा आणला कुठून, असं विचारलं की "सर्वेक्षण आहे" एवढंच सांगतात. हे सर्वेक्षण त्यांच्या स्वयंपाकघरात होत असावं असा माझा संशय आहे, कारण त्यात त्यांच्या मताविरुद्ध कोणी कधी कौल देत नाही.

"नव्वद टक्के घरांत डीव्हीडी आहे," ते दाराला कुलूप घालत म्हणाले. "नव्वद टक्के लोक मूर्ख नसतात. चित्र दिसतं, आवाज येतो. आणखी काय हवं? तुमचं ब्लू-रे म्हणजे जेवून उठलेल्याला पुन्हा पाटावर बसवणं."

"कॅसेटच्या वेळी लोक हेच म्हणत होते."

"कॅसेटला बुरशी यायची. डीव्हीडीला काय येतं?"

वरच्या मजल्यावरच्या काकू पिशवी घेऊन उतरत होत्या. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "दोन्ही जाणार. माझा भाचा म्हणतो, पुढे सगळं फोनवरच बघायचं."

यावर आम्ही दोघेही पोट धरून हसलो. त्या सबंध प्रकरणात माझं आणि टक्केवारींचं एकमत झालं ते तेवढंच.

आता माझ्यासारखा विमा कंपनीत लोकांचे दावे तपासणारा, स्वभावाने संथ माणूस एका तबकडीच्या बाजूने एवढा का भांडत होता, ते सांगायला हवं. कारण सासरे.

आमच्याकडे सासूबाईंची एक डीव्हीडी आहे. त्या गेल्या, त्याच्या काही वर्षं आधी सासऱ्यांनी हौसेने नवा कॅमेरा घेतला होता. घेतल्या दिवशी ते थेट स्वयंपाकघरात शिरले आणि ओटा पुसणाऱ्या बायकोचं चित्रण करू लागले. सासूबाई पाठमोऱ्या. मग वळतात आणि ओरडतात, "बंद करा ते आधी! आणि हा कशाला आणलात नवा? जुना कॅमेरा काय वाईट होता?" यावर सासरे कॅमेऱ्यामागून काहीतरी बोलतात. ते ऐकून सासूबाई एकदम लाजतात, हातातलं फडकं कॅमेऱ्यावर फेकतात आणि पडदा काळा होतो.

सासरे काय बोलले ते मात्र कोणालाच माहीत नाही. आमच्या जुन्या डीव्हीडी रेकॉर्डरची आवाजाची पिन सैल बसायची, त्यामुळे सगळ्यावर एक घरघर असे. सासूबाईंचा आवाज खणखणीत, तो घरघरीला पुरून उरायचा. सासऱ्यांचा बुडायचा. सासरे वर्षातून एकदा आमच्याकडे राहायला येत, पहिल्याच संध्याकाळी ती डिस्क लावायला सांगत आणि त्या जागी खुर्चीतून पुढे वाकत. "काय बोललो असेन मी?" दरवर्षी हेच विचारत. त्यांना आठवत नव्हतं. चाळीस वर्षं संसार केलेल्या माणसाला आपण बायकोला लाजवलं ते कोणत्या शब्दांनी, हेच आठवू नये, याचं त्यांना मनापासून वाईट वाटे.

यंदा त्यांचा फोन आला तेव्हा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. एक कान पूर्ण गेला होता, दुसराही जायच्या वाटेवर होता. "डॉक्टर म्हणाले, जे काय ऐकायचं ते आता ऐकून घ्या," ते म्हणाले आणि हसले. बायको फोन माझ्या हातात देऊन आत गेली.

मी फोनमध्ये ओरडलो, "बाबा, या शनिवारी या! या वेळी ऐकू येईल! नवं यंत्र आणतोय!"

बोलून बसलो. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते उगाच नाही. फरक एवढाच, की जावई होऊन इतकी वर्षं झाली तरी माझं बाशिंग अजून उतरलेलं नव्हतं.

दुकानात 'जुनं द्या, नवं घ्या' अशी योजना होती. मी रेकॉर्डर काखोटीला मारून गेलो. हीही बरोबर होती.

"जुन्या डिस्क यावर चालतील ना?" हिने विचारलं.

"ताई, अगदी निर्धास्त राहा," दुकानदार म्हणाला. "नवी सून जशी जुन्या सासूला सांभाळून घेते ना, तसं हे यंत्र जुन्या डिस्कला सांभाळून घेतं."

"म्हणजे नाही चालणार," ही म्हणाली.

मी या बोलण्याकडे दुर्लक्ष केलं. विज्ञानात घरगुती अनुभव आणू नयेत असं माझं मत आहे. रेकॉर्डर काउंटरवर ठेवला, नवं यंत्र उचललं, आणि घरी आल्यावर ते जिन्यात टक्केवारींना दिसेल अशा बेताने वर नेलं. त्यांनी पाहिलं. "जुनं कुठे टाकलंत?" त्यांनी विचारलं. 'टाकलं' म्हणून मी दुकानाचं नाव सांगितलं, तेही थोड्या तुच्छतेनेच.

घरी जोडाजोड केली. दुकानात मिळालेली नमुन्याची ब्लू-रे डिस्क लावली. काय ते चित्र! समुद्रातला मासा आमच्या बैठकीच्या खोलीत येऊन माझ्याकडे संशयाने बघत होता. बाजारातली एक डीव्हीडी लावली, तीही झकास चालली. मी हिच्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं आणि सासूबाईंची डिस्क आत सरकवली.

यंत्राने विचार केला. पुष्कळ विचार केला. मग पडद्यावर अक्षरं आली, की ही डिस्क वाचता येत नाही.

बाहेर काढली, पुसली, पुन्हा घातली. पुन्हा तेच.  

घरात कोणी आजारी पडलं की शेजारी जमतात तसे आमच्याकडे जमले. काकू म्हणाल्या, डिस्कवर टूथपेस्ट चोळा, मी स्वतः करून पाहिलंय. काय करून पाहिलंय आणि त्याचं पुढे काय झालं हे त्यांनी सांगितलं नाही, पण ट्यूब मात्र घेऊनच आल्या होत्या. तळमजल्यावरचे दंतवैद्य म्हणाले, टूथपेस्ट अजिबात नको, फ्रीजमध्ये ठेवा. दंतवैद्याने टूथपेस्टला विरोध केल्यामुळे काकू दुखावल्या आणि तिथे एक वेगळंच भांडण उभं राहिलं. तेवढ्यात कोणाचा तरी हात डिस्ककडे गेला, आणि हिने ती एकदम उचलून छातीशी धरली.

"हिला कोणी हात लावायचा नाही," ती म्हणाली.   कॅमेऱ्यातली मूळ टेप बुरशीने केव्हाच खाल्ली होती. सासूबाईंचा आवाज जगात त्या एका तबकडीवर होता.

टक्केवारी दारातच उभे होते. "साठ टक्के नवी यंत्रं जुन्याशी असंच वागतात," ते म्हणाले आणि सावकाश आपल्या घरात गेले. त्यांचं दार बंद होण्याच्या आवाजातसुद्धा मला समाधान ऐकू आलं.

शेवटी मी माहितीपुस्तक उघडलं. हे काम पुरुष कधी करतो हे बायकांना माहीत असतं. कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की घरी भरलेली डिस्क शेवटी 'बंद' केलेली नसेल तर ती ज्या यंत्रावर भरली त्यावरच चालेल, इतरांवर नाही.

मी मोठ्याने वाचलं. ही खुर्चीवर बसली.

"तेव्हा विचारलं होतं जुन्या यंत्राने," ती म्हणाली. "आठवतंय? डिस्क बंद करू का, यानंतर भर घालता येणार नाही."

मला आठवलं. सासूबाई तेव्हा दवाखान्यात होत्या. टेप डिस्कवर भरून झाली आणि पडद्यावर तो प्रश्न आला. यानंतर भर घालता येणार नाही. ती रिमोट हातात धरून बसली होती, मग तिने तो माझ्याकडे दिला, मी टीव्हीवर ठेवला, आणि आम्ही दवाखान्यात गेलो. आई घरी आली की आणखी चित्रण करू, मग बंद करू, असं कोणी म्हटलंसुद्धा नाही. पण दोघांच्याही मनात तेच होतं. त्या घरी आल्या नाहीत. डिस्क उघडीच राहिली.

आणि ती वाचू शकणारं जगातलं एकमेव यंत्र मी हसत हसत काउंटरवर ठेवून आलो होतो. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं, आणि धुपाटण्यावर मासा मात्र अतिशय सुंदर दिसत होता.

दुसऱ्या दिवशी, शनिवारीच, कचेरीला दांडी मारून मी दुकान गाठलं. दुकानदार म्हणाला, जुनी यंत्रं गोदामात जातात. गोदाम गावाबाहेर, कारखान्यांच्या रस्त्यावर. फाटकावरच्या पहारेकऱ्याने काम विचारलं. मी म्हटलं, माझं यंत्र परत न्यायचंय. तो म्हणाला, इथे लोक आणून टाकतात, न्यायला कोणी येत नाही, तेव्हा न्यायचा पास नसतो. मी म्हटलं, मग आत जायचा पास द्या. तो म्हणाला, आत जायचा पास बाहेर न्यायच्या पासाबरोबरच मिळतो. हा युक्तिवाद इतका बिनतोड होता, की आमच्या कंपनीने त्याला ताबडतोब नोकरीवर घ्यावं असं मला क्षणभर वाटलं.

खूप विनवण्यांनंतर आतला साहेब बाहेर आला. मी हकिगत सांगितली, सासूबाईंपासून. त्याने शांतपणे ऐकली आणि म्हणाला, "असं आहे, वस्तू स्वखुशीने दुसऱ्याच्या ताब्यात दिल्यावर तुम्हाला तिच्यावर दावा करता येत नाही."

हे वाक्य माझं आहे. शब्दशः माझं आहे. गेली कित्येक वर्षं मी ते टेबलापलीकडच्या माणसांना ऐकवतो आहे, तेही चहाचा घोट घेत घेत. समोरच्या बाजूने ते असं लागत असेल याची मला कल्पना नव्हती. माझा चेहरा पाहून असेल, किंवा त्यालाही सासू असेल, पण साहेब विरघळला आणि म्हणाला, "चला, बघा तुम्हीच."

आत डीव्हीडी यंत्रांचा डोंगर होता. दोन माणसं पायथ्याशी बसून एकेकाची झाकणं उघडत होती, आतलं तांबं एका पोत्यात आणि पत्रा दुसऱ्या पोत्यात. मी डोंगराच्या दुसऱ्या बाजूने सुरुवात केली. आपलं यंत्र आपल्याला ओळखू येईल असा माझा समज होता. पण तिथे प्रत्येक यंत्र माझ्याकडे ओळखीचं असल्यासारखं बघत होतं. आमच्या रेकॉर्डरचं खालचा एक पाय निसटला होता आणि त्या जागी मी बाटलीचं रबरी बूच चिकटवलं होतं. दुपारपर्यंत मी यंत्रं उलटी करकरून त्यांच्या पोटाखाली बूच शोधत होतो, आणि पलीकडून पत्रा पोत्यात पडल्याचा आवाज आला की माझं काळीज त्याच्याबरोबर पडत होतं.

"बूच?" झाकणं उघडणारा एक जण शेवटी म्हणाला. "बुचाचं यंत्र आज सकाळीच गेलं. एक गृहस्थ येतात अधूनमधून, चालू असलेले रेकॉर्डर निवडून नेतात. म्हणतात, पुढे यांना सोन्याचा भाव येणार."

"कसे दिसतात?" मी हातातलं यंत्र खाली ठेवून विचारलं.

"दिसायला साधेच. पण बोलतात सगळं टक्क्यांत."

मी घरी कसा आलो ते आठवत नाही. जिन्यात काकू भेटल्या. त्यांना सांगावंच लागलं, कारण माझे कपडे पाहून त्यांना मी खाणीत नोकरी धरली असं वाटलं होतं. "काखेत कळसा आणि गावाला वळसा!" त्या एवढ्या मोठ्याने म्हणाल्या, की कळसा स्वतःच दार उघडून बाहेर आला.

"यंत्र माझ्याकडे आहे," टक्केवारी म्हणाले. "पण ते मी रीतसर घेतलंय."

"मला फक्त एका संध्याकाळपुरतं हवंय. सासरे येताहेत."

"काल मी तुम्हाला जुनं कुठे टाकलंत म्हणून विचारलं, तेव्हा तुम्ही 'टाकलं' म्हणालात. टाकलं. चालू यंत्र." त्यांचा आवाज थोडा कापला. त्या माणसाला खरोखरच वाईट वाटलं होतं, हे मला तेव्हा प्रथम कळलं. "मी देतो. पण आधी इथे, जिन्यात, सगळ्यांसमोर म्हणा, की डीव्हीडी मेलेली नाही."

दंतवैद्य खालून वर आले होते. काकू तर होत्याच. माझी बायको दारात, डिस्क हातात घेऊन. माझ्या अब्रूभोवती एवढी गर्दी यापूर्वी कधी जमली नव्हती.

"डीव्हीडी मेलेली नाही," मी म्हणालो.

"आणि मरणार नाही."

हिने माझ्याकडे पाहिलं. "आणि मरणार नाही," मी म्हणालो.

"या आत," टक्केवारी म्हणाले, आणि मग जरा खाकरले. "फक्त एक आहे. ती घरघर दुरुस्त करायला मी ते उघडलंय."

टेबलावर आमचा रेकॉर्डर झाकण काढून पडला होता. शेजारी वाटीत स्क्रू. तेवढ्यात खाली रिक्षा थांबली आणि सासऱ्यांची मोठी हाक आली, "आलो रे!"

त्यानंतरचा वेळ मी आयुष्यातून वजा करायला तयार आहे. टक्केवारी स्क्रू पिळत होते, दंतवैद्य त्यांना हाताच्या दिव्याने उजेड दाखवत "आणखी थोडं उघडा" म्हणत होते, आणि जिन्यात सासरे पायरी पायरी चढत होते. सासरे टक्केवारींच्या खुर्चीत येऊन बसले तेव्हा झाकण बसलं होतं, आणि वाटीत एक स्क्रू उरला होता. त्याच्याकडे कोणीच पाहिलं नाही.

"हे आपलंच जुनं ना?" सासरे बूच पाहून म्हणाले. "मग नवं कुठाय?"

मी बटण दाबलं. यंत्र कण्हलं. मग सासूबाई पडद्यावर आल्या, पाठमोऱ्या, ओटा पुसत. त्या वळल्या, ओरडल्या, विचारलं, आणि मग घरघर. सासरे नेहमीसारखे पुढे वाकले. फडकं आलं. पडदा काळा.

"नाही," ते म्हणाले. मागे टेकले. "असू दे. तिचा आवाज आला, पुष्कळ झालं." मला त्यांच्याकडे बघवेना.

आता एकच वाट होती. डिस्क बंद करायची, म्हणजे ती नव्या यंत्रावर चालेल. मी रिमोटवर ते शोधून काढलं आणि पडद्यावर तोच प्रश्न आला, इतक्या वर्षांनी, तस्साच. यानंतर भर घालता येणार नाही.

"मध्येच बंद पडलं तर?" हिने विचारलं.

"तर डिस्क गेली," मी म्हणालो. "सगळी." आणि मी टक्केवारींकडे पाहिलं. "किती टक्के चालेल?"

त्यांनी वाटीतल्या स्क्रूकडे पाहिलं, मग यंत्राकडे. "सांगता येत नाही," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हे शब्द इमारतीने प्रथमच ऐकले.

रिमोट मी हिच्याकडे दिला. तिने धरला, आणि तिचा अंगठा बटणावर गेला नाही. तिने तो पुन्हा माझ्याकडे दिला. माझाही गेला नाही. त्या दिवशीही नेमकं असंच झालं होतं, आणि तेवढ्यावरून आम्ही दोघं आज इथे उभे होतो.

"काय विचारतोय तो?" सासऱ्यांनी विचारलं.

ही त्यांच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाली, "बाबा, तो विचारतोय, बंद करू का! पुन्हा काही भरता येणार नाही आईचं!"

सासऱ्यांनी हात पुढे केला. मी रिमोट दिला. "आता काय भरायचंय पोरी," ते म्हणाले आणि बटण दाबलं.

पडद्यावर एक रेघ सरकू लागली. अर्ध्यावर गेली आणि थांबली. आतून कट असा आवाज आला, बहुधा उरलेल्या स्क्रूची जागा हलली. टक्केवारींनी दोन्ही हातांनी झाकण दाबून धरलं, तापलेलं असूनही. काकू डोळे मिटून उभ्या होत्या, हातात टूथपेस्टची ट्यूब तशीच. रेघ हलली. पुढे गेली. पूर्ण झाली. यंत्राने डिस्क बाहेर दिली आणि त्याचा दिवा विझला तो कायमचा.

टक्केवारींनी झाकणावरून एकदा हात फिरवला. "चला," ते म्हणाले, "तुमच्याकडे बघू."

सगळी वरात आमच्या घरात आली. मी डिस्क नव्या यंत्रात सरकवली. त्याने विचार केला. पुष्कळ विचार केला. मग ओटा दिसला, स्वच्छ, आणि पाण्याच्या थेंबाचा आवाजसुद्धा ऐकू आला. सासूबाई वळल्या. "बंद करा ते आधी! आणि हा कशाला आणलात नवा? जुना कॅमेरा काय वाईट होता?"

घरघर नव्हती. कॅमेऱ्यामागून एक तरुणासारखा, थोडा चिडवणारा आवाज म्हणाला, "जुन्यात तू नीट दिसत नव्हतीस गं."

फडकं आलं.

 टक्केवारी भिंतीकडे बघत होते. ही माझा दंड धरून उभी होती, आणि तो दुखत होता.

"असं म्हणालो होय मी," सासरे शेवटी म्हणाले. ऐटीतच म्हणाले. "पुन्हा लावा बरं."

पुन्हा लावलं. सासूबाई पुन्हा वळल्या, पुन्हा ओरडल्या, जुना कॅमेरा काय वाईट होता म्हणून विचारलं, आणि या वेळी उत्तर कॅमेऱ्यामागून येण्याआधीच खुर्चीतून आलं.